दुखणं वायरचं, ऑपरेशन इंजेक्शनचं

फ्युएल इंजेक्शनवाल्या रोटरी गाडीतून ते इंजेक्शन उपटून तिथे कार्बोरेटर बसवणाऱ्यांची एक जमात आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जिथे जिथे माझदाच्या जुन्या आरएक्स-७ जिवंत आहेत तिथे तिथे हे लोक सापडतात. इथे अमेरिकेत माझ्या टीममध्येही एक आहे. त्याच्याकडे १९८७ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ आहे आणि लंचला त्याचं ठरलेलं वाक्य असतं: कॉम्प्युटर काढून टाकला की गाडी 'सिंपल' होते. दिवसभर जावा लिहून पोट भरणारा माणूस हे म्हणतो, हे विशेष :-) तर आज त्याच्याशी, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांशी, जाहीर भांडण.

रोटरी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. या इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. साधारण त्रिकोणी आकाराचा रोटर एका घरात फिरतो. कल्पना फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. पहिली विक्रीची गाडी एनएसयूने १९६४ मध्ये आणली, १९६७ मध्ये माझदाची कॉस्मो स्पोर्ट आली. आरएक्स-७ मधल्या १३बी इंजिनात असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण १३०८. रोटरच्या तीन टोकांना तीन एपेक्स सील असतात आणि इंजिनाचा जीव त्यांच्यात असतो. जोरात पळवताना पेट्रोल कमी पडलं, नॉकिंग झालं, की सील तुटतो. मग इंजिन उतरवा, उघडा आणि बँक बॅलन्सकडे बघत बसा. थोडक्यात काय, तर कुठल्या क्षणी किती पेट्रोल जातंय हा या इंजिनापुरता हौसेचा विषय नाही.

आता विरोधी पक्षाची तक्रार. ती खोटी नाही, हे आधीच मान्य करतो. या गाड्या चाळिशीला आल्यात. इंजिनच्या उष्णतेने वायरिंग कडक होऊन तुटतं, कनेक्टरच्या क्लिपा हातात येतात. गरम इंजिन बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही, पेट्रोलने भरून जातं. १९८६ ते ८८ च्या गाड्यांचं ३८०० आरपीएमच्या आसपास अडखळणं तर प्रसिद्धच आहे. वैतागलेला मालक म्हणतो, गेलं खड्ड्यात ते इंजेक्शन.

पण जरा थांबा. ते अडखळणं बऱ्याचदा अर्थिंगचे पॉइंट घासून साफ केले की जातं. गरम असताना भरून जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे गळका इंजेक्टर. तो काढून साफ करता येतो किंवा बदलता येतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर लोक त्याच्याही पुढे गेलेत. दुखणं वायरचं, आणि इंजेक्शनच काढून फेकतात!

बरं, 'सिंपल' म्हणजे किती सिंपल, ते मोजू या. इंजेक्शनचा पंप सुमारे ३५ ते ४० पीएसआय दाब देतो, कार्बोरेटरला तीन ते सात पुरतो. म्हणजे नवा पंप किंवा रेग्युलेटर. इनटेक मॅनिफोल्ड नवा. थ्रॉटलची केबल आणि तिची जोडणी नवी. स्पार्कचं टायमिंग ईसीयू ठरवत होता. तो गेला, म्हणून पहिल्या पिढीतल्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर शोधा. ईसीयू फक्त स्पार्कपुरता ठेवू म्हणाल, तर एअरफ्लो मीटर काढल्यावर इंजिनवर लोड किती आहे हे त्याला कळणार कसं? १९८९ ते ९१ ची गाडी असेल तर सील ओले ठेवणारा ऑइल पंपसुद्धा ईसीयूच चालवतो. आता दर वेळी टाकी भरताना पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मोजून ओता, आणि एकदाही विसरू नका. आमच्या धंद्यात याला सिंपलिफिकेशन म्हणत नाहीत. कोड कळला नाही म्हणून सगळा प्रोजेक्ट नव्याने लिहायला घेणं म्हणतात, आणि त्याचा शेवट काय होतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

एवढं करून मिळतं काय? कार्बोरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे दाब उतरतो आणि त्या फरकाने जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. किती, ते मुख्यतः जेटच्या भोकावर. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत बरोबर बसवलेला जेट घेऊन तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर उतरलात, तर हवा दाट आणि पेट्रोल त्या मानाने कमी. म्हणजे नेमकं जे या सीलना सोसत नाही तेच. इंजेक्शनवाला ईसीयू हवेचा प्रवाह, हवेचं आणि पाण्याचं तापमान, वातावरणाचा दाब बघून हिशेब बदलतो. चार इंजेक्टरपैकी दोन तर तो गरज पडेपर्यंत उघडतही नाही. कार्बोरेटरला हे बाहेरचं जग दिसत नाही. आणि चुकला तर तो सांगतही नाही. ईसीयू निदान फॉल्ट कोड तरी देतो.

'पण रेसिंगवाले वापरतात ना वेबर कार्बोरेटर!' हो, वापरतात. त्यांचं इंजिन जवळपास कायम वरच्या आरपीएमला असतं आणि जेट बदलायला माणूस शेजारी उभा असतो. तुम्हाला ऑफिसला जायचंय. आणि रेसिंगच काढायचं, तर रोटरीचा सगळ्यात मोठा विजय आठवा. १९९१ ची ल मॉन्स, माझदा ७८७बी, चार रोटरचं इंजिन. त्यातही इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच होतं. पहिल्या पिढीच्या १२ए इंजिनावर कारखान्यातूनच कार्बोरेटर आला, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. ते इंजिन त्याच हिशेबाने बनलं होतं. भांडण आहे ते चालू व्यवस्था तोडण्याशी. आरएक्स-७ चं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. एकदा वायरिंग कापलं की ती गाडी पुन्हा मूळ रूपात येणं फार अवघड.

शिवाय धूर फक्त तुमच्या गॅरेजमध्ये राहत नाही. रोटरी आधीच पेट्रोलखाऊ, त्यात अंदाजाने भरलेलं मिश्रण. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग तपासणीतून सूट आहे, १९८७ च्या गाडीला नाही. ह्या कायद्याला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत, पण मागच्या सिग्नलला उभ्या असलेल्या सायकलवाल्याला विचारा.

आता खरा मुद्दा. हे लोक इंजेक्शनला भीत नाहीत. ते त्या बंद डब्याला भितात. सीटशेजारी कार्पेटखाली एक पेटी आहे, ती माझ्या गाडीचे निर्णय घेते आणि मला आत बघता येत नाही. ही चीड अगदी रास्त आहे. गाडी माझी, मग हिशेब मला दिसलाच पाहिजे. पण बंद पेटीला उत्तर म्हणजे उघडी पेटी. 'पेटीच नको' हे उत्तर नव्हे, ती शरणागती आहे. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट काढून हे उत्तर कधीच दिलंय: स्वतः सोल्डर करून जोडायचा ईसीयू, इंधनाचा तक्ता लॅपटॉपवर उघडा, आकडा बदला, गाडी चालवा, लॉग बघा. जेट बदलताना जी सत्ता हातात आल्यासारखी वाटते, ती इथे खरोखर हातात येते.

राहता राहिली जुन्याची ओढ. स्कूटर तिरकी करून किक मारणाऱ्या बापांची आम्ही मुलं, चोक ओढण्यातली मजा आम्हाला शिकवू नका. ती मजा हवी असेल तर कार्बोरेटरवाली १९८० ची आरएक्स-७ घ्या आणि खुशाल मिरवा.

नाहीतर या शनिवारी मल्टिमीटर आणा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत आणि ईसीयूच्या अर्थपर्यंत किती व्होल्टेज पडतंय ते मोजा. कनेक्टर साफ करा, इंजेक्टर तपासायला द्या, फॉल्ट कोड वाचून घ्या. हे सगळं करूनही गाडी नाहीच सुधारली तर कार्बोरेटरचं बोलू. तोवर कृपा करून पक्कड खाली ठेवा.