विमान पावणेतीन तासांचं, प्रवास साडेआठ तासांचा!



मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, पहिली होलसेल खरेदी स्वतः मार्केटला जाऊन करा. तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: "सर, लांबच्या मार्केटला विमानाने जायचं की ट्रेनने?" माझं मत असं की तिकिटाची किंमत बघून ठरवू नका आणि नुसता विमानाचा वेळ बघूनही ठरवू नका. घराच्या दारापासून मार्केटच्या दारापर्यंतचे तास मोजा.

माझंच उदाहरण घ्या. माझं कल्याणला साड्यांचं दुकान. खरेदी कोलकात्याच्या बडा बाजारात. मुंबई-कोलकाता हवाई अंतर साधारण १,६५० किलोमीटर, विमान पावणेतीन तासांत पोचतं. पहिल्या वेळी मी शनिवारी दुपारी ३ चं विमान घेतलं. म्हटलं, सहाला उतरू, संध्याकाळी माल बघू. प्रत्यक्षात काय झालं? घरातून ११ ला निघालो. विमानतळापर्यंत दोन तास, चेक-इन आणि तपासणीसाठी दोन तास आधी हजर, उतरल्यावर बॅगेची वाट, मग दमदमहून टॅक्सी. बाजारात पोचलो साडेसातला, तर शटर खाली यायला लागलेले. दुसऱ्या दिवशी रविवार, बाजार बंद! हॉटेलचे जादा दिवस आणि बुडालेला धंदा, चूक पूर्णपणे माझी.

आता ट्रेन बघा. मुंबई ते हावडा जवळपास १,९७० किलोमीटर, चांगल्या गाडीलाही तीस-एकतीस तास लागतात. पण गीतांजली कल्याणला थांबते, आणि हावडा स्टेशनवरून पूल ओलांडला की समोर बडा बाजार. म्हणजे दोन्ही टोकांची धावपळ वाचते. तरीही जाऊन-येऊन विमानापेक्षा दोन दिवस जास्त जातात.

या दोन दिवसांची किंमत काढा. समजा दुकानाची रोजची विक्री १२,००० आणि मार्जिन २५ टक्के. म्हणजे दिवसाचे ३,०००, दोन दिवसांचे ६,०००. जाण्या-येण्याच्या तिकिटांतला फरक ९,००० असेल, तर ट्रेनच परवडते. विक्री २०,००० असेल, तर दोन दिवसांत १०,००० बुडतात. मग विमान स्वस्त! हिशोब मार्जिनचा करा, गल्ल्याचा नाही. आणि घरचं कुणी दुकान सांभाळणारं असेल, तर नुकसान आणखी कमी धरा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर चेक-इन सामान बहुतेक वेळा १५ किलोच. त्यामुळे माल ट्रान्सपोर्टनेच येणार, ते भाडं दोन्हीकडे सारखंच. दुसरं, हिवाळ्यात परतीच्या विमानाला समोरून जोरदार वारा असतो, म्हणून येताना जास्त वेळ लागतो. पोचल्या-पोचल्या कुणाला भेटीची वेळ देऊ नका.

विमानाने गेलो म्हणून आपण मोठे व्यापारी होत नाही, आणि ट्रेनने गेलो म्हणून पैसे वाचलेच असंही नाही. तिकीट काढण्याआधी कागद-पेन घ्या, तास लिहा, मार्केटचा सुट्टीचा वार विचारा. तुमच्या मार्केटचा हिशोब किती तासांचा आला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!