धूर बंद केला तर धंदा बुडेल का?

काही दिवसांपूर्वी चाळिशीतला एक रुग्ण माझ्या दवाखान्यात आला. सहा महिने खोकला, फोंड्याचा साधा चढ चढतानाही धाप. तपासल्यावर श्वासनलिका आकसलेल्या दिसल्या. मी सवयीने विचारले, "दिवसाला किती ओढता?"

"एकपण नाय. पण बारा वर्सां बारात वेटर आसंय."

रुग्णाचा उल्लेख न करता मी नंतर एका बारमालकांकडे हा विषय काढला. ते म्हणाले, "डॉक्टरानू, शिग्रेट बंद केली तर गिऱ्हाईक कित्याक येतला? सगळे गोव्याक जातले."

हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. तो चुकीचा का आहे, ते पाहू.

धूर कोणाला लागतो?

सिगरेटच्या जळत्या टोकातून निघणारा धूर फिल्टरमधून जात नाही. तो थेट खोलीत पसरतो. त्यात किमान ७० कर्करोगकारक रसायने असतात. न ओढणारा माणूस अशा धुरात सतत राहिला तर त्याचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. गिऱ्हाईक तासाभराने उठून जाते. वेटर मात्र रोज आठ-दहा तास तिथेच असतो.

"आमच्याकडे एसी आहे," असे सांगितले जाते. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. म्हणजे धूर तोच, फक्त थंड.

"गिऱ्हाईक तुटेल"

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के होते. बारमध्ये ते जास्त असेल, मान्य. तरी आपला खरा आजार तोंडात धरायचा तंबाखू आहे, आणि तो खाणाऱ्याला हा कायदा टेबलावरून उठवत नाही. उलट धुरामुळे जे कुटुंब तुमच्या हॉटेलची पायरी चढत नाही, त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिता?

न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये बारमधले धूम्रपान बंद केले. तेव्हाही हीच ओरड झाली होती. पुढच्या वर्षभरात बार आणि रेस्टॉरंटकडून मिळालेला कर ८.७ टक्क्यांनी वाढला. ही वाढ बंदीमुळेच झाली असे मी म्हणणार नाही. पण धंदा बुडाला नाही, एवढे नक्की. इंग्लंडमध्ये २००७ च्या बंदीनंतर बरेच पब बंद पडले, हे खरे आहे. पण पाठोपाठ २००८ ची मंदी आली आणि दुकानात स्वस्त बिअर मिळतच होती, हेही त्याच दमात सांगायला हवे.

"सगळे गोव्याला जातील"

गोव्याचा स्वतःचा धूम्रपान आणि थुंकणेबंदी कायदा १९९७ चा आहे, देशाच्या कायद्याच्याही आधीचा. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घातली. २००३ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. बांद्याच्या अलीकडे आणि पलीकडे नियम एकच आहे.

हा नियम मालकालाही बांधतो. दारावर फलक हवा. टेबलावर ॲशट्रे, काडेपेटी, लायटर द्यायचा नाही. तीस किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला धूम्रपानाची वेगळी बंदिस्त जागा ठेवता येते, पण तिथे खाणेपिणे वाढायचे नाही. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत. दुर्लक्ष करणाऱ्या मालकाला, जितके ओढणारे सापडतील तितक्यांचा.

बंदीने फायदा काय?

कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये बारमधले धूम्रपान बंद झाले तेव्हा ५३ बारटेंडर तपासले गेले. त्यांपैकी ३९ जणांना खोकला, दम अशी श्वसनाची लक्षणे होती. बंदीनंतर काही आठवड्यांतच त्यांतील २३ जणांची लक्षणे गेली. हे कोणत्याही औषधाविना झाले. मी माझ्या रुग्णाला पंप लिहून दिला आहे. पण तो रात्री पुन्हा त्याच धुरात उभा राहणार असेल, तर माझ्या पंपाचा उपयोग किती होणार?

आपल्या गावातून घाट चढणारा रस्ता पुढे निपाणीला, विडीच्या तंबाखूच्या पेठेत जातो. तंबाखूवर पोट असलेली माणसे मला परकी नाहीत. पण हा कायदा कोणाची विडी हिसकावून घेत नाही. बाहेर जाऊन ओढा, एवढेच सांगतो.

मालकांना माझी विनंती आहे : आज टेबलांवरचे ॲशट्रे उचला. आणि वाचकहो, पुढच्या वेळी जेवायला जाल आणि शेजारच्या टेबलावर कोणी पेटवली, तर गप्प बसू नका. मॅनेजरला बोलवा. वेटर स्वतः ते बोलू शकत नाही, त्याची नोकरी जाईल. तुमचे फक्त जेवण पाच मिनिटे लांबेल.