श्रमाचे दर्शन आणि श्रमाचे प्रदर्शन

शेत हे ‘चालते’ आहे, असे ज्या दिवशी मुद्दाम सांगावे लागते, त्या दिवशी शेताच्या बाबतीत काहीतरी मूलभूत बदलले आहे असे समजावे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्वीन्सटाउन नावाचे गाव आहे. तेथील वाकाटिपू सरोवरातून वाफेच्या बोटीने पलीकडच्या काठावर जायचे, वॉल्टर पीक येथील मेंढपाळीचे ‘खरेखुरे, चालते’ शेत पाहायचे, कुत्रा मेंढ्या कसा वळतो आणि लोकर कशी कातरतात हे बघायचे, चहा घ्यायचा आणि त्याच बोटीने परत यायचे, अशी साडेतीन तासांची एक सफर जगभरच्या पर्यटकांत प्रसिद्ध आहे. ‘कहो ना... प्यार है’ हा चित्रपट २००० साली आला आणि न्यूझीलंडची दृश्ये आपल्याकडे घरोघरी पोहोचली. आता मराठी सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतही हे सरोवर असते. सहलीच्या विषयावर वाङ्मयीन व्यासपीठावर लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आम्हांला असे वाटते की, श्रमाचे दर्शन आणि श्रमाचे प्रदर्शन ह्यांतला भेद इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी पाठ्यवस्तू सहज सापडायची नाही. ग्रामीण साहित्य आणि प्रवासवर्णन शिकवणाऱ्या आपल्या मंडळींना तर ह्या भेदाची नितांत गरज आहे.

प्रथम बोटीकडे पाहू. ‘अर्न्सलॉ’ ही बोट डनेडिन येथे बांधली गेली. मग तिचे भाग सुटे करून ते रेल्वेने सरोवराच्या दक्षिण टोकावरील किंग्स्टनला नेले आणि तेथे पुन्हा जोडले. तिचा पहिला प्रवास १८ ऑक्टोबर १९१२ रोजी झाला. म्हणजे ज्या वर्षी ‘टायटॅनिक’ बुडाली, त्याच वर्षी ही तरंगू लागली. सरोवराकाठच्या दुर्गम मेंढवाड्यांना माणसे, टपाल आणि सामान पोचवणे, आणि तेथून मेंढ्या, गुरे व लोकर बाहेर आणणे, हे तिचे काम. ती रेल्वेखात्याच्या मालकीची होती. रस्ते झाले तसे तिचे काम संपत गेले, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती मोडीत निघण्याच्या बेतात होती. १९६९ साली एका पर्यटन कंपनीने ती भाड्याने घेतली. आज ती फक्त पर्यटक वाहते. तरीही तिच्या पोटात जे चालते ते नाटक नव्हे. बोट अजून कोळशावर चालते आणि तासाला सुमारे एक टन कोळसा खाते. इंजिनघर वरून पाहता येते : खाली माणूस फावड्याने भट्टीत कोळसा लोटत असतो, आणि त्याने तो लोटला नाही तर वर उभा असलेला पर्यटक पाण्यात अधांतरी थांबेल. प्रेक्षक असो वा नसो, त्या श्रमाला प्रयोजन आहे. पाहणाऱ्याचे पुढे सरकणे त्या श्रमावर अवलंबून आहे, आणि ते पाहणाऱ्याला कळते. ह्याला आम्ही श्रमाचे दर्शन म्हणतो.

पलीकडच्या काठावर पाऊल ठेवताच हे नाते उलटते. तेथे मेंढी कातरली जाते ती लोकर हवी म्हणून नव्हे, प्रेक्षक बसले आहेत म्हणून. कुत्रा मेंढ्या वळवतो, पण त्या कुरणातून कुरणात जात नाहीत; गॅलरीसमोरून फिरून पुन्हा जागेवर येतात. कातरणाऱ्याचे कसब खोटे नाही, कुत्र्याची समजही खोटी नाही. कृती तीच आहे. बदलले आहे ते तिचे फळ. लोकरीचे फळ प्रेक्षकाच्या टाळीत निघते. डीन मॅकॅनेल ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७६ सालच्या ‘द टूरिस्ट’ ह्या ग्रंथात १९०० सालच्या पॅरिसच्या मार्गदर्शक पुस्तिका तपासल्या होत्या. त्या काळी प्रवाशाला गटारे, शवागार, कत्तलखाना, तंबाखूचा कारखाना, सरकारी छापखाना ही ‘प्रेक्षणीय स्थळे’ म्हणून दाखवली जात. आधुनिक माणूस स्वतःच्या कामापासून तुटला, म्हणून सुटीत तो इतरांचे काम पाहायला निघतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. पण पॅरिसचा कत्तलखाना प्रेक्षकांसाठी जनावरे मारत नव्हता. वॉल्टर पीकने त्या वाटेवरचे पुढचे पाऊल टाकले आहे.

आता ह्या प्रदर्शनातून काय गळते ते पाहिले पाहिजे. खऱ्या हंगामात कातरणी एकटा माणूस करीत नाही, टोळी करते. कसबी माणूस दिवसाला दोन-तीनशे मेंढ्या कातरतो आणि त्याला मजुरी मिळते ती नगावर. मागे लोकर उचलणारे, झटकणारे, निवडणारे, गठ्ठे दाबणारे असतात. ह्या टोळ्यांत माओरी कुटुंबांचा वाटा पिढ्यान्‌पिढ्या मोठा राहिला आहे. प्रदर्शनात एक मेंढी, एक माणूस आणि चार विनोद उरतात. घाम आणि कंबरदुखी गळते, मजुरीचा दर गळतो, आणि मुख्य म्हणजे भाव गळतो. १९८२ साली न्यूझीलंडमध्ये सुमारे सात कोटी मेंढ्या होत्या. आज त्या अडीच कोटींच्या आत आहेत. १९८४ नंतर शेतीची अनुदाने गेली, कृत्रिम धाग्याने बाजार खाल्ला, दुधाच्या धंद्याने कुरणे घेतली. मेरिनोच्या तलम लोकरीला अजून भाव आहे, पण जाड लोकर विकून अनेकदा कातरणीचा खर्चही निघत नाही. मेंढीच्या अंगावरून लोकर एकसंध उतरते तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ती लोकर विकून काय मिळते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

ह्याहून खोल गळती इतिहासाची आहे. मेंढपाळीसाठी युरोपीय वसाहतवाले ह्या काठावर १८६० साली आले. वॉल्टर पीकचा पसारा त्याच्या भरात सुमारे १,७०,००० एकर आणि ४०,००० मेंढ्या इतका होता, असे सांगतात. परंतु त्या भूमीला आधीच नावे होती. माओरी लोक पौनामू ह्या हिरव्या दगडाच्या शोधात ह्या खोऱ्यांतून ये-जा करीत. त्यांच्या कथेनुसार सरोवराचा खळगा म्हणजे माताउ ह्या राक्षसाच्या जळालेल्या देहाची जागा, आणि त्याचे हृदय तळाशी अजून धडधडते. सरोवराची पातळी काही मिनिटांच्या अंतराने थोडी चढते-उतरते ती त्यामुळे. भौतिकशास्त्र ह्याचे कारण पाण्याच्या दोलनात शोधते, आणि मार्गदर्शक ही कथा आवर्जून सांगतो. तो सहसा सांगत नाही ते असे की, न्गाई ताहू ह्या जमातीला पौनामूवरील हक्क परत मिळायला १९९७ साल उजाडावे लागले, आणि जमिनीच्या दाव्यांचा कायदा १९९८ साली झाला. कथा वरती तरंगते, करार बुडतात. मुळात ज्या गृहात चहा मिळतो तेही मूळचे नाही. जुने घर १९७७ साली आगीत गेले आणि नंतर पुन्हा बांधले गेले. चहा चांगला असतो, हे मात्र कबूल केले पाहिजे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक तुलना सुचवावीशी वाटते. ज्या काळात वाकाटिपूकाठी मेंढ्या आल्या, त्याच काळात, १८६० ते १८६४ ह्या वर्षांत, सॅम्युअल बटलर हा इंग्रज तरुण कँटरबरीच्या डोंगराळ भागात मेंढवाडा चालवत होता. त्यातून १८७२ साली ‘एरेव्हॉन’ ही कादंबरी आली. डोंगरापलीकडे काय आहे हे पाहायला निघालेला मेंढपाळ अशा एका देशात पोचतो, जेथे आजार हा गुन्हा आहे आणि यंत्रे हद्दपार आहेत. बटलरने मेंढवाड्याचे चित्र रंगवून तेथेच मुक्काम ठोकला नाही. त्या डोंगरावरून त्याने आपल्याच समाजाकडे उलटून पाहिले. भूदृश्य हे त्याच्या लेखी टोक नसून उंबरठा आहे.

ह्यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पर्यटन नसते तर ‘अर्न्सलॉ’ भंगारात गेली असती. ज्या प्रदर्शनाला तुम्ही नावे ठेवता, त्यानेच ते शेत, ती कला आणि काही माणसांची पोटे राखली. शुद्धतेचा आग्रह धरून सगळेच नष्ट होऊ द्यायचे काय? आक्षेप योग्य आहे. आम्ही प्रदर्शनाच्या विरुद्ध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, राखणे आणि जिवंत ठेवणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोट राखली गेली आणि जिवंतही राहिली, कारण तिला आजही कोणालातरी पलीकडे न्यायचे आहे. लोकर कातरण्याची कृती राखली गेली. पण तिचा लोकरीशी, बाजाराशी, मजुरीशी असलेला संबंध तुटला. तो संबंध निदान शब्दांत तरी सांगता आला असता. पाच मिनिटे भावाविषयी बोलायला तिकिटाचा दर वाढवावा लागत नाही.

हा प्रश्न दक्षिण गोलार्धापुरता नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याआधीपासूनच पुण्या-मुंबईची कुटुंबे शनिवार-रविवारी हुरडा खायला, बैलगाडीत बसायला, चुलीवरचे पिठले-भाकरी खायला जात होती. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडत असतील तर त्याचे स्वागतच आहे. पण बैलगाडीला ओझे नसते, फेरी मारून ती पुन्हा फाटकाशी येते; आणि कापूस, कांदा, सोयाबीन ह्यांच्या भावाचा उच्चार करून पाहुण्यांचा विरस करू नये, असा अलिखित संकेत पाळला जातो. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीचीही तीच कथा आहे. घोंगडीची मागणी आटली, लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही, मेंढी मांसासाठी राहिली. तरी महोत्सवात घोंगडी आणि गजनृत्य मात्र हमखास असते. पाण्याचेही तसेच. कोयनेच्या शिवसागरातून बामणोलीहून वासोट्याकडे नाव निघते तेव्हा दोन्ही काठ नयनरम्य वाटतात. नावेखाली गावे आहेत, हे दृश्यात दिसत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. मुळशीच्या जलाशयाकाठी सुटी घालवणाऱ्या किती जणांना १९२१चा सत्याग्रह आठवतो?

आपले प्रवासवर्णन हे सांगण्याचे काम कितपत करते? पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच ‘लोकस्थिती’ आधी आहे आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांचे उद्योग, संस्था हा त्यांचा विषय. निसर्ग त्याच्या ओघात येतो. पुढे प्रवासवर्णन ललित झाले, खुसखुशीत झाले, आणि त्याचा आनंद आपण सर्वांनीच घेतला आहे. परंतु लालित्याबरोबर निवेदकाचा ‘मी’ मोठा होत गेला आणि लोकस्थिती मागे पडली. सहल कंपन्यांच्या काळात लिहिली जाणारी बरीच वर्णने तर बोटीच्या कठड्यावरून लिहिलेली असतात. कठड्यावरून इंजिनघर दिसते, हे लेखकाच्या ध्यानात येत नाही.

आणि शेवटी आपला वर्ग. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ ह्या १९७१ सालच्या कादंबरीत मळ्यावरचा चाकर नारबा आपल्या जनावरांच्या गोतावळ्यात जगतो. मग ट्रॅक्टर येतो, आणि एकेक जनावर मळ्यातून जाते. ही कादंबरी शिकवताना आपल्या विभागांत काय होते? बोलीभाषेची वैशिष्ट्ये, निसर्गचित्रण, प्राण्यांविषयीचा जिव्हाळा असे मुद्दे काढले जातात. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘येसण’, ‘शिवळ’, ‘मोट’ ह्यांचे अर्थ सांगायला उभे केले जाते. तो सांगतो, शहरी मुले कौतुकाने ऐकतात. म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या बापाचे काम गॅलरीसमोरून एक फेरी मारून पुन्हा जागेवर येते. ट्रॅक्टर कोणाचा, मळा कोणाचा, नारबाच्या चाकरीचा मोबदला काय, आणि गोतावळ्यावर जीव लावणाऱ्याचा त्या गोतावळ्यावर हक्क का नाही, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये तर कर्जाचा हिशेब कथानकाच्या मध्यभागी आहे. तेथेही ‘वैदर्भी बोलीचे सौंदर्य’ ह्या उपप्रश्नाचे गुण आधी वाटून झालेले असतात.

ग्रामीण साहित्याचा अभ्यास हे श्रमाचे प्रदर्शन न होता दर्शन व्हायचे असेल, तर एक साधी कसोटी लावता येईल. जे काम आपण वाचतो आहोत त्यावर आपले काय चालले आहे, हे वाचणाऱ्याला कळते का? ‘अर्न्सलॉ’वरच्या प्रवाशाला ते कळते, कारण फावडे थांबले तर तोही थांबतो. विद्यापीठाच्या वर्गात बसलेल्या आपणां सर्वांचे जेवण, फी आणि बहुतेकांचे पूर्वज कोणाच्यातरी शेतातून आलेले आहेत. तरीही आपण काठावरच्या गॅलरीत बसल्याच्या थाटात वाचतो. कादंबरीतल्या शेताला ‘चालते’ हे विशेषण लावण्याची पाळी येऊ नये, एवढी जबाबदारी शिकवणाऱ्यांची आहे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या तासाला ‘गोतावळा’ उघडताना नारबाच्या बोलीआधी त्याच्या मजुरीचा प्रश्न फळ्यावर लिहिला, तरी सुरुवात होईल.