बेटावर जाताना कोणते पक्षिपुस्तक न्यावे?

अंदमानला निघणारा मराठी वाचक एक पुस्तक तरी मनात घेऊन जातो. ते म्हणजे 'माझी जन्मठेप'. 1911 ते 1921 या काळात सावरकर ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, ते पाहिल्यावाचून आपली सहल पुरी होत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे आपल्या साहित्यिक कल्पनेत हे बेट म्हणजे केवळ तुरुंग होऊन बसले. भिंतीपलीकडच्या रानाला आपल्या वाचनात जागाच उरली नाही. ते रान पाहायचे असेल तर सोबत पक्ष्यांचे पुस्तक हवे. मात्र ते कोणते, हा प्रश्न मला खरेदीपेक्षा वाचनाचा अधिक वाटतो.

तळेगाव दाभाड्याच्या तळ्याकाठी आणि मावळातल्या भातखाचरांत पक्षी पाहायला शिकलेल्या माणसाला भारद्वाज, कोतवाल, टकाचोर, सुतार ही नावे पुस्तकाच्या आधीच भेटलेली असतात. गो. नी. दांडेकरांच्या या गावात तरी नावांचे मोल वेगळे सांगायला नको. अंदमानात याच कुळांतले पक्षी दिसतात, पण ते आपले नव्हेत. तिथला भारद्वाज काळा नसून तपकिरी आहे. तिथला एक सुतार अंगभर काळा, डोक्यावर तेवढा लाल तुरा. ओळखीचे कूळ आणि अनोळखी रूप यांचा मेळ घालायला पुस्तक लागते.

इथे आवृत्तीला महत्त्व येते. सलीम अलींचे 1941 सालचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे वाङ्मय म्हणूनही वाचावे असे आहे, परंतु ते निवडक पक्ष्यांचे पुस्तक आहे. बेटासाठी ते पुरत नाही. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचा ग्रंथ 1998 मध्ये आला. 2005 मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचा 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' हा द्विखंड ग्रंथ आला, आणि अंदमानचे गव्हाणी घुबड, शामा, फुलटोच्या हे पक्षी त्यात स्वतंत्र जाती म्हणून मांडले गेले. तोवर त्यांची गणना बहुधा इतरत्रच्या पक्ष्यांच्या उपजाती म्हणून होत असे. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर तळटीपेतला मजकूर मुख्य संहितेत आला. म्हणून माझे मत असे, की रासमुसेन-अँडरटन निघण्यापूर्वी घरी किंवा ग्रंथालयात वाचावे, आणि पिशवीत ग्रिमेट-इन्स्किप यांची 2011 ची सुधारित आवृत्ती ठेवावी. केवळ स्वस्त मिळते म्हणून जुनी आवृत्ती नेणारा बेटाला मुख्य भूमीची पुरवणी समजूनच परत येईल.

तरीही या सर्व पुस्तकांत एक उणीव समान आहे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये नारकोंडमच्या धनेशाचे शास्त्रीय वर्णन केले. सुमारे 7 चौरस किलोमीटरच्या त्या एका बेटावाचून हा पक्षी जगात कुठेही नाही. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी. पण नाव बेटाचे लागले. इतर अनेक पक्ष्यांनाही असेच 'अंदमान' हे बिरुद चिकटले. जणू तिथे हजारो वर्षे राहणाऱ्या माणसांनी त्यांना कधी हाकच मारली नव्हती.

त्यांनी ती मारली होती. पुण्याचे डॉ. सतीश पांडे आणि भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांचे 'बर्ड्स ऑफ द ग्रेट अंदमानीज' हे पुस्तक 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ग्रेट अंदमानी लोकांची पक्षिनामे आणि पक्ष्यांविषयीच्या समजुती नोंदल्या आहेत. या लोकांच्या कथेत पूर्वजच पक्षी झाले. 'बो' भाषेची अखेरची भाषक बोआ सीनियर जानेवारी 2010 मध्ये वारली. तिच्या भाषेत बोलणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा ती पक्ष्यांशी बोलत असे, असे अब्बी यांनी सांगितले आहे.

कोणी म्हणेल, अशा पुस्तकाचा रानात काय उपयोग? पक्षी तर चित्रांवरूनच ओळखायचा. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी एक पुस्तक काढून दुसरे ठेवा असे म्हणत नाही. दोन्ही न्यावीत. पहिले पुस्तक आपण काय पाहिले ते सांगेल, आणि आपल्या आधी ते कोणी पाहिले होते ते दुसऱ्यातून कळेल.

हा प्रश्न मराठीलाही परका नाही. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' रचला तो पक्ष्यांची देशी नावे हातची जाऊ नयेत म्हणूनच. आमच्या मराठी विभागांत कोशवाङ्मयाचा इतिहास शिकवला जातो. तिथे हा कोश प्रत्यक्ष हाताळायला द्यावा, आणि मावळातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या समासांत आणखी नावे लिहावीत. हे काम विचारण्याजोगी माणसे हयात आहेत तोवरच होऊ शकते.