चुकलेल्या प्रश्नाला होकार कशाला?

पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीतून नेटवर्क सांभाळणाऱ्या एपीआयला विचारणा करताना ‘ट्रू’ मोठ्या टीसकट जातं, ‘नन’ असलेला पॅरामीटर गुपचूप गळतो, आणि सिस्को मेराकीला यादी पाठवायची तर नावापुढे चौकटी कंस लागतो. फिल्टरचं नाव चुकलं तरी काही सर्व्हर ते नजरेआड करून २०० (सगळं ठीक) असं उत्तर देतात. मग एका शाखेचे स्विच रीस्टार्ट करायला निघालेल्या स्क्रिप्टच्या हाती सगळ्या शाखांची यादी पडते. खापर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर फुटतं, पण अनोळखी पॅरामीटरला ४०० (विनंती चुकीची) देणं हे सर्व्हरचंच काम. अशा कडकपणाने जुन्या स्क्रिप्ट मोडतील, हा आक्षेप खरा. इंटरनेट प्रोटोकॉल घडवणाऱ्या जॉन पोस्टेल यांनीही १९८० मध्ये उदारपणे स्वीकारण्याचाच सल्ला दिला होता. मात्र अशा उदारपणात चुका मुरतात, हे २०२३च्या आरएफसी ९४१३ या इंटरनेट प्रोटोकॉलविषयीच्या दस्तऐवजानेच मांडलं आहे. सर्व्हर सुधारेपर्यंत प्रत्यक्ष गेलेला यूआरएल छापून बघावा.