तुमचा मेल कोण कोण वाचतं?



एक प्रश्न विचारतो, स्वतःला खरं उत्तर द्या. तुमच्या धंद्याच्या ईमेलचा पासवर्ड आज किती जणांना माहीत आहे? तुम्ही, अकाउंट बघणारा मुलगा, जीएसटी भरणारे, वेबसाइट बनवून देणारा आणि मागेच नोकरी सोडून गेलेली रिसेप्शनिस्ट. झाले की पाच!

आणि आपण विचारतो काय? "सर, गूगल आपले मेल वाचतं का? सरकार वाचतं का?"

आधी त्याचं उत्तर देतो. साधा मेल वाटेत बहुतेक वेळा एन्क्रिप्ट होऊन जातो, पण सर्व्हरवर पोचला की चावी सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते. जाहिरातींसाठी जीमेलचा मजकूर तपासणं बंद करतोय, असं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. स्पॅम आणि व्हायरससाठी मशीन आजही तपासतं. सरकारला आयटी कायदा २००० च्या कलम ६९ खाली, ठरावीक कारणांसाठी, लेखी आदेश काढून मेल बघता येतो. डिसेंबर २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने त्यासाठी १० यंत्रणांची नावं जाहीर केली. त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं होतं. यावर वाद व्हायलाच हवा.

पण माझं मत स्पष्ट आहे. छोट्या उद्योजकाचं दार बाहेरून फोडावं लागत नाही, ते आपणच उघडं ठेवलेलं असतं.

आपल्या सानपाड्याचंच उदाहरण घ्या. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं माध्यमांना धमकीचा मेल गेला. तपास सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं वाय-फाय वापरून तो मेल दुसऱ्यांनीच पाठवला होता. त्याचा कटाशी संबंध नव्हता, तरी चौकशीला त्यालाच सामोरं जावं लागलं. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला जबाब त्याचा.

धंद्यातही तसंच. तुमच्या मेलबॉक्समध्ये शिरलेला माणूस लगेच काही करत नाही. तो गुपचूप एक फॉरवर्डिंग लावतो आणि वाचत बसतो. मोठं बिल निघालं की तुमच्याच भाषेत गिऱ्हाइकाला मेल जातो, "आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट इथे करा." पैसेही गेले आणि इतक्या वर्षांचं गिऱ्हाईकही गेलं.

तुम्ही म्हणाल, "सर, माणसं विश्वासातली आहेत." असतील, माझी शंका त्यांच्यावर नाहीच. पण एकच पासवर्ड पाच जणांकडे असेल आणि काही बिघडलं, तर संशय पाचही जणांवर जातो. प्रामाणिक माणसाकडे स्वतःला सिद्ध करायला काहीच राहत नाही. वेगळं लॉगिन म्हणजे अविश्वास नव्हे, ते तुमच्या माणसाचं संरक्षण आहे. आणि हो, कंपनीच्या आयडीवरचे मेल मालक म्हणून तुम्ही बघणार असाल, तर स्टाफला तसं आधीच लेखी सांगा. आपला खासगीपणा आपल्याला हवा, तर त्यांचाही जपायला हवा.

आज संध्याकाळी अर्धा तास काढा:

१. प्रत्येकाला वेगळा आयडी द्या. माणूस गेला की त्याच दिवशी बंद करा.
२. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.
३. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग, फिल्टर आणि लॉगिन असलेले मोबाइल-कॉम्प्युटर तपासा. अनोळखी दिसलं की काढा, पासवर्ड बदला.
४. बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करूनच पैसे भरा. गिऱ्हाइकांनाही हे सांगून ठेवा.
५. फसवणूक झालीच, तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

रात्री शटर ओढल्यावर कुलूप एकदा हलवून बघता ना? मेलचंही बघा.