बक्षीस द्यायचं तर तिथल्या पैशात

परदेशात सुट्टीवर गेलेल्या आपल्या लोकांची एक सवय मला खटकते. हॉटेलात सामान उचलून देणाऱ्याच्या, खोली साफ करणाऱ्याच्या किंवा टॅक्सीवाल्याच्या हातावर ते दहा-वीस रुपयांची भारतीय नोट ठेवतात. कोणी कोणी तर खिशात खुळखुळणारी पाच-दहाची नाणी देतात. वर म्हणतात, "इंडियाची आठवण म्हणून ठेव!" ही आठवण हवी की नको, हे त्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं. माझं मत सरळ आहे. बक्षीस द्यायचं असेल तर त्या देशात चालणाऱ्या पैशात द्यावं. द्यायचं नसेल तर हसून शुक्रिया म्हणावं आणि निघावं, त्यातही काही वाईट नाही.

यावर मला नेहमी उत्तर मिळतं की देणाऱ्याची नियत पाहावी. नियत चांगली असेलही. पण दिवाळीची पोस्त मागायला आलेल्या पोस्टमनला आपण थायलंडचा बाथ देतो का? शेजारच्या पोराला ईदी म्हणून श्रीलंकेचं नाणं दिलं, तर ते पोरगं तोंडावर विचारेल, "चाचा, हे चालतं कुठं?" हॉटेलातला रूमबॉय असं विचारू शकत नाही. त्याची नोकरीच हसऱ्या चेहऱ्याची आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे या 'बक्षीस' शब्दावर थोडं थांबतो. फारसीत 'बख़्शीदन' म्हणजे देणं, आणि माफ करणंही. त्यावरून 'बख़्शिश'. तुर्कस्तानात वेटरला देतात ते 'बाहशिश', इजिप्तमध्ये 'बक़शीश'. उर्दूत आपण अल्लाहकडे बख़्शिश मागतो, म्हणजे क्षमा मागतो. मराठीत येऊन हाच शब्द शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिला नंबर काढणाऱ्याला मिळाला, आणि जमिनीच्या कागदात 'बक्षीसपत्र' होऊन बसला. पण मूळ अर्थात एक वजन आहे: देणारा वर, घेणारा खाली. मला वाटतं, गडबड इथंच होते. आपण काहीतरी 'बख़्शतोय' असं वाटलं की काय दिलं याचा हिशोब माणूस करत नाही. तुमच्या आंघोळीनंतरचं पाणी ज्यानं पुसलं, त्याच्या श्रमाबद्दल ते देणं आहे. त्याला सदक्याच्या खात्यात टाकू नये.

उमराहला जाणारे आपले लोक या बाबतीत पुष्कळ बरे. पाच-दहा रियालच्या नोटा वेगळ्या काढून ठेवतात आणि सफाई कामगार दिसला की हळूच देतात. तेच लोक परतीच्या वाटेवर दोन दिवस दुबईत थांबले की पाकिटातून रुपये बाहेर येतात. तिथं सवाब दिसतो, इथं दिसत नाही. कामगार मात्र दोन्हीकडे सारखाच, ढाक्याचा किंवा नेपाळच्या तराईतला.

दुबईचाच हिशोब मांडू. सध्या एका दिरहमला वीस रुपयांहून जास्त पडतात, म्हणजे आपली दहाची नोट अर्धा दिरहमही होत नाही. एक दिरहम हे तिथं नाणं आहे, सगळ्यात लहान नोट पाचची. "अहो, दुबईत रुपया कुठंही बदलून मिळतो," असं सांगतात. नोटा बदलून मिळतात हे खरं, नाणी कोणी घेत नाही. आणि दहाची एक नोट घेऊन एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहायला वेळ कोणाला आहे? तो माणूस कंपनीच्या बसनं कॅम्पवरून हॉटेलात येतो आणि त्याच बसनं परत जातो. "भारतीय असला तर गावी जाऊन वापरेल" हा दुसरा युक्तिवाद. तो भारतीयच असेल कशावरून? फिलिपिनो असेल, केनियाचा असेल. आणि भारतीय असला तरी अनेकांना सुट्टी दोन-दोन वर्षांनी मिळते. घरी पैसे दर महिन्याला जातात, ते दिरहम भरूनच जातात.

त्याला पगार मिळतो ना, असंही म्हणतात. मिळतो. पण परदेशी कामगाराला अमिरातीत कायद्यानं ठरलेलं किमान वेतन नाही. शेजारच्या कतारनं मार्च 2021 पासून सर्वांसाठी महिना 1,000 रियाल मूळ पगाराची अट घातली, तर ती आखातात मोठी बातमी झाली. यावरून पगारांचा अंदाज यावा. हॉटेलच्या बिलात बहुतेक वेळा 10 टक्के सर्व्हिस चार्ज असतो, पण तो हॉटेलच्या खात्यात जमा होतो. खोली झाडणाऱ्याच्या खिशात थेट जाते ती उशीवर ठेवलेली नोट.

आम्हा कोकणातल्या मुसलमानांना हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज पडू नये. सत्तरच्या दशकापासून रत्नागिरी-रायगडच्या किती घरांची कौलं आखाती पैशातून स्लॅबची झाली! माझे एक मामू तिकडे बरीच वर्षं हॉटेलात रूमबॉय होते. सुट्टीवर आले की बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आम्हा पोरांना मिळायचा, त्यात जगभरची नाणी. जर्मन मार्क, इटलीचे लिरा, इंग्लंडचे पेन्स, फ्रान्सचे फ्रँक. आम्ही ती रांगेत लावून व्यापार-व्यापार खेळायचो आणि मामूंना फार श्रीमंत समजायचो. पुढं नोकरीला लागल्यावर कळलं की त्यातलं प्रत्येक नाणं म्हणजे कुणाची तरी झाडलेली खोली होती, आणि बदलून मिळत नाही म्हणून ते आमच्या खेळण्यात आलं होतं. त्या पाहुण्यांचीही नियत चांगलीच असणार.

आज आपण ट्रेच्या दुसऱ्या बाजूला आहोत. मास्तर लोकही कर्ज काढून का होईना, बाकूला आणि इस्तंबूलला जातात. चांगलंच आहे.

या मताला एक अपवाद मला मान्य आहे. ज्या देशाचं चलन घसरत असतं तिथं डॉलरची नोट लोकांना जास्त प्यारी असते. इजिप्तमध्ये मार्च 2024 मध्ये एका दिवसात डॉलरचा भाव 31 पौंडांवरून 50 च्या आसपास गेला. ज्याच्याकडे त्याआधी डॉलर होता तो तरला. तेव्हा तिथं एक डॉलरची कोरी, न फाटलेली नोट कोणी देत असेल तर मी त्याला अडवणार नाही. पण युरोची नाणी नकोत. लाल समुद्राकाठच्या हॉटेलांत कामगार मूठभर युरोची नाणी घेऊन पाहुण्यांकडे येतात आणि याची एक नोट द्याल का म्हणून विनवतात. पर्यटक याला लाचारी म्हणून नाक मुरडतात. खरं तर ती आधीच्या पर्यटकांनी दिलेली बक्षिसं असतात. असा कोणी आला तर जरूर नोट द्या, नाणी तुम्हाला युरोपात चालतील, त्याला कुठंच नाही.

ग्रुप टूरवाल्यांचं वेगळंच. टूर कंपन्या माणशी रोजचे अमुक डॉलर टिप म्हणून आधीच वसूल करतात, आणि सगळे निर्धास्त होतात. ती टिप सहसा गाइड आणि ड्रायव्हरसाठी असते. खोली साफ करणारी बाई त्यात धरलेली आहे का, हे पैसे भरतानाच विचारा. बहुतेक वेळा नसते.

राहता राहिला सुट्ट्यांचा प्रश्न, कारण विमानतळावर हातात मोठ्या नोटाच पडतात. पहिल्याच दिवशी किराणा दुकानातून पाण्याच्या बाटल्या घ्या, किंवा हॉटेलच्या काउंटरवर मोड मागा. खोलीतली नोट रोज सकाळी ठेवा, शेवटच्या दिवसासाठी साठवू नका, कारण पाळी बदलते आणि आठवडाभर राबलेली बाई त्या दिवशी सुट्टीवर असू शकते. निघताना तिथलीच नाणी उरली तर ती मात्र खुशाल द्या. घरी आणली तर शोकेसमध्येच पडून राहतील.